आधी ऐकू दे, मग नारळ

आमच्या गल्लीत सकाळी गाडी चालू करायची तर आधी गुरुजींच्या ओट्याकडे बघावं लागे. ते ओट्यावर असले तर हात वर करत. हात वर म्हणजे थांब. मग कुणाच्या घरात भांडी आपटत असतील, कुणाचा रेडिओ लागलेला असेल, तर तिकडे मान वळवून डोळे वटारत. सगळं शांत झालं की हात खाली. हात खाली म्हणजे फिरव किल्ली.

मी सारा जन्म गाडी चालवली. झाशी स्टेशनवरून सवाऱ्या घ्यायच्या, ओरछा दाखवायचं, खजुराहोला न्यायचं, परत आणून सोडायचं. शाळा मी फार लवकर सोडली, पण गाडीतलं मला कुणी शिकवायला आलं तर मी ऐकून घेत नाही. आणि हा माणूस, ज्याला गाडी चालवता येत नव्हती, ज्याने जन्मात बोनेटच्या आत बोट घातलं नाही, जो गाडीत बसला की गल्लीचं तोंड यायच्या आत ओकायचा, तो मला हात वर करून थांबवणार. आणि मी थांबायचो.

माझी गाडी आज दारात उभी आहे ती त्यांच्यामुळे. नाहीतर तिचे तुकडे होऊन पत्र्याच्या भावात गेले असते. म्हणून हे लिहितोय. बाकी त्यांची स्तुती करायची मला सवय नाही, आणि त्यांना ऐकायची नव्हती.

गुरुजी म्हणजे आमच्या खंडेराव गेटकडच्या मराठी घरांचे भटजी. मराठी घरं आता उरलीत थोडी, पण पूजा सांगायला ते सगळीकडे जात. गल्लीतले बाकीचे लोक त्यांना पंडितजी म्हणत. त्यांचं घराणं आणि आमचं घराणं झाशीत एकाच वेळेला आलं, मराठ्यांच्या राज्यात. त्यांचे पूर्वज पूजा सांगत, आमचे पागेत घोडे सांभाळत. याची ते मला रोज आठवण करून देत. मला सारथी म्हणत, आणि वर म्हणत, तुझे वाडवडील घोडा खोकला की कुठल्या बरगडीत दुखतंय ते सांगत, तुला गाडीचा खोकला कळेना? मी म्हणायचो, घोड्याला चेन आणि पट्टा नसतो. ते म्हणायचे, लगाम असतो. 

माणूस बघायला किडकिडीत. कान मात्र अंगाच्या मानाने मोठे आणि केसाळ. थंडीत आमच्याकडे हाडं वाजतात, सगळी झाशी कान बांधून फिरते. गुरुजींच्या माकडटोपीला मात्र कानाच्या जागी दोन भोकं होती. काकूंनी, म्हणजे त्यांच्या बायकोने, ती कापून, सदऱ्याच्या काजासारखी दोऱ्याने बांधून दिली होती. डोकं झाकलेलं, हनुवटी झाकलेली, आणि बाजूंनी दोन कान बाहेर. नवीन माणूस ते बघून हसायचा. गुरुजी म्हणायचे, हसून झालं असेल तर गाडी चालू कर.

सकाळी परसाकडे गेलेले असले आणि तेवढ्यात कुणी गाडी चालू केली, तर कानाला जानवं गुंडाळलेल्या अवस्थेत तसेच बाहेर यायचे. सोवळं-ओवळं पाळणारा माणूस, पण आवाजापुढे त्यांना काही सुचत नसे. सत्यनारायणाच्या कथेत, साधुवाण्याची नाव बुडत असताना, मध्येच बोट वर करायचे. लोक समजायचे काहीतरी महत्त्वाचं सांगणार. गुरुजी खिडकीकडे कान करून म्हणायचे, "वकिलांच्या गाडीचा पट्टा गेला," आणि पुन्हा नाव बुडवायला घ्यायचे.

त्यांचं एक म्हणणं होतं. यंत्र उठल्याउठल्या खरं बोलतं. एकदा गरम झालं की ते माणसासारखं वागतं, दुखणं लपवतं. म्हणून ऐकायचं ते रात्रभर उभ्या असलेल्या गाडीचं पहिलं उठणं. यात ते बरोबर होते, हे मी कुठल्याही मिस्त्रीसमोर सांगेन. रात्री तेल खाली उतरतं, पट्टा आखडतो, बॅटरी गारठते. ज्या गाडीला काही झालंय ती सकाळच्या पहिल्या किल्लीला बोलते आणि चार चाकं फिरली की गप्प बसते. पण गुरुजींना तेल, पट्टा, बॅटरी यातलं काही ठाऊक नव्हतं. त्यांनी आवाजांना आपली नावं ठेवली होती. पट्टा किंचाळला तर चिमण्या. बॅटरी उतरून नुसतं टक टक झालं तर जीभ टाळ्याला चिकटली. स्टार्टरचे दाते घासले तर वरवंटा. तेल कमी होऊन वरून टिकटिक आली तर शिंप्याचं मशीन. आणि एक आवाज होता, खालून येणारा, जड, ठक ठक. त्याचं नाव होतं दारावर कुणीतरी आलंय. हा आवाज ते मालकाला बाजूला घेऊन हळू सांगत, डॉक्टर नातेवाइकांना बाहेर बोलावतो तसं. कारण त्यात इंजिन गेलेलं असतं.

हे सगळे आवाज ते तोंडाने काढूनही दाखवत. मिस्त्री लोक हसत. पण नंतर नंतर तेच गिऱ्हाइकाला विचारायला लागले, "पंडितजी ने क्या बताया? चिड़िया कि सिलबट्टा?"

आता सगळं बरोबरच सांगायचे असं नाही. एकदा आमच्या गल्लीतल्या वकिलांच्या गाडीला त्यांनी दारावर कुणीतरी आलंय जाहीर केलं. वकिलांचा चेहरा पडला. त्यांनी गाडी उघडवली, आत काही निघालं नाही. मग कळलं की पलीकडच्या गल्लीत सुतार सकाळपासून चौकट ठोकत होता. वकील तावातावाने आले. गुरुजी संध्या आटपून शांतपणे म्हणाले, सुताराने थांबायला हवं होतं.

खंडेनवमीला आमच्यात हत्यारांची पूजा होते. घोडे आणि तलवारी गेल्या, आता लोक गाड्या धुऊन उभ्या करतात. झेंडूचा हार, चाकाखाली लिंबू, बोनेटवर हळदकुंकवाचं स्वस्तिक, आणि भटजी मंत्र म्हणून मूठभर अक्षता टाकतो, नारळ फुटतो. बाकीचे भटजी एवढं करून पुढच्या घरी जातात. गुरुजींचं तसं नव्हतं. ते आले की पाटावर बसायच्या आत म्हणायचे, "आधी ऐकू दे, मग नारळ."

गाडी चालू करून दाखवायची. आवाज चांगला असला की ते एकच शब्द म्हणत, निरोगी. मग पूजा. आवाज बरा नसला तर नारळ पिशवीत परत. आजारी माणसाला हार घालतोस का, आधी औषध दे, असं म्हणून उठायचे. लोक चिडायचे. मुहूर्त चालला म्हणायचे. ते म्हणायचे, मुहूर्त परत येतो, इंजिन येत नाही.

बडा बाजारातल्या एका मिठाईवाल्याने नवी कोरी गाडी घेतली. पूजेला गुरुजींना बोलावलं. त्याने किल्ली फिरवली आणि वरवंटा वाजला, असा की रस्त्यावरची माणसं वळून बघायला लागली. नवी गाडी. शेठ घाबरला. त्याने परत किल्ली फिरवली, परत वरवंटा. गुरुजींनी हात वर केला, गाडीकडे बघितलं, मग शेठकडे बघितलं. बराच वेळ शेठकडेच बघत राहिले. म्हणाले, "गाड़ी निरोगी है. सेठजी, आप कान दिखाइए."

शेठ लाल झाला. पण झालं होतं असं की नवी गाडी इतकी मुकाट चालू व्हायची की त्याला ती चालू झाली हेच ऐकू येत नव्हतं. चालू गाडीला तो पुन्हा किल्ली मारत होता. चिडून का होईना, तो कानाच्या डॉक्टरकडे गेला. दोन्ही कानांतून मळाचे गोळे निघाले. त्यानंतर दर दिवाळीला गुरुजींकडे त्याच्याकडून पेढे येत, आणि गुरुजी ते वाटताना म्हणत, घ्या, कानाचे पेढे.

अशा माणसाची स्वतःची सायकल कशी असेल? ती इतकी करकरायची की गुरुजी खंडेराव गेटला असले तर आम्हाला घरात कळायचं. चेनला तेल नाही, सीटची स्प्रिंग गंजलेली, मडगार्ड चाकाला घासणारं. गाडीत बसवत नाही म्हणून सगळ्या पूजा ह्याच सायकलवर. मी एकदा तेलाची बुधली घेऊन गेलो. म्हटलं, साऱ्या झाशीच्या गाड्यांचे कान पिळता, ही काय लाज आहे? त्यांनी बुधली माझ्या हातातून घेतली आणि ओट्याच्या कोपऱ्यात ठेवून दिली.

"तिला हात लावू नकोस, सारथी. तिचा आवाज आला की तुझी काकू चहा ठेवते. मी ओट्यावर चढेपर्यंत चहाला उकळी येते. तेल घातलंस तर मला चहासाठी बसून राहावं लागेल."

हे खरं होतं. मी नंतर लक्ष ठेवून बघितलं. सायकल कोपऱ्यावर करकरली की आत काकूंच्या गॅसचा लायटर वाजायचा.

आता माझ्या गाडीचं सांगतो. धंदा सोडला तेव्हा बाकी सगळं सोडलं, गाडी सोडली नाही. पांढरी आहे, दारांना थोडा गंज आहे, पण चालते. बायकोला घेऊन ओरछ्याला दर्शनाला जायचं, गल्लीत कुणाला अचानक दवाखान्यात न्यायचं, तर मीच नेतो. मुलगा बँकेत आहे. त्याची स्वतःची छोटी गाडी आहे, ती तो दूध आणायलासुद्धा काढतो. त्याला माझी गाडी डोळ्यांत खुपायची. जागा अडते म्हणायचा. किल्ली खिशात आहे तोवर मी ड्रायव्हर आहे. किल्ली गेली की मी नुसता ओट्यावरचा म्हातारा. हे त्याला सांगून कळणार नव्हतं, म्हणून सांगितलं नाही.

त्या वर्षी खंडेनवमी झाली आणि पुढच्याच दिवसांत माझी गाडी सकाळी बोलायला लागली. किल्ली फिरवली की पुढून खडखडाट यायचा, खर्र, टक, खर्र, आणि थोड्या वेळाने आपोआप बंद. मला ऐकू येत होतं. म्हटलं म्हातारी झालीय, खोकू दे. पण मुलाने ऐकलं आणि मला न विचारता एका मिस्त्रीला घेऊन आला. मिस्त्री पोरगा हुशार होता, त्याचं चुकलं असं मी म्हणणार नाही. त्याने किल्ली फिरवली, ऐकलं आणि म्हणाला की टायमिंगची चेन ढिली पडली आहे. चालू करताना वाजते आणि तेल चढलं की गप्प होते, ही तिचीच खूण. इंजिन खोलावं लागेल. या गाडीसाठी खोलायचं का, ते तुम्ही ठरवा.

मुलाला तेवढंच हवं होतं. "बाबा, अब छोड़ दो ना," म्हणाला. मराठी समजतं सगळं, पण वाद घालायचा झाला की तो हिंदीत जातो. ओरछा गेटजवळचा एक कबाडी, भंगारवाला, त्याच्या ओळखीचा होता. रविवारी येऊन गाडी घेऊन जाईल असं त्याने ठरवूनही टाकलं होतं.

मी जेवत होतो. हात तसाच ठेवून म्हटलं, "गुरुजींना म्हणू दे की इंजिन आजारी आहे. मग ने."

बायकोने माझ्याकडे बघितलं. बोललो खरं, आणि मी बोललेलं परत घेत नाही. मला वाटलं होतं, या माणसाचं आजवर कुठल्या मिस्त्रीशी पटलंय, तो चेन नाही म्हणेल आणि विषय संपेल. पण एक गोष्ट मला पक्की ठाऊक होती. गुरुजी माझ्यासाठी खोटं बोलणार नव्हते. पूजेत दक्षिणा कमी पडली तर सोडून देत, मंत्र लांबला तर आटपता घेत, पण आवाजाच्या बाबतीत त्यांनी कधी कुणाची भीड धरली नाही. मी त्यांच्याकडे जाऊन तसं मागितलंही नाही. मागणारा मी नव्हे.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते ओट्यावर उभे राहिले. हात वर, हात खाली. मी किल्ली फिरवली. खर्र, टक, खर्र. मी त्यांच्याकडे बघितलं. त्यांनी नाव सांगितलं नाही. ना चिमण्या, ना शिंपी, ना दारावर कुणी. नुसते आत गेले. त्याच्या पुढच्या दिवशी तसंच. गाडीजवळ आले, बोनेटवर कान टेकला, उठले, आत गेले. गाडीशी ते नेहमी बुंदेलीत बोलायचे, "काए, का हो गओ?" असं विचारायचे, जशी ती गावाकडची मोलकरीण आहे. आता तेही नाही. गप्प बसलेले गुरुजी मी त्यापूर्वी बघितले नव्हते. काकूंनी माझ्या बायकोला सांगितलं की जेवताना घास हातात धरून तोंडाने खर्र-टक खर्र-टक करतात, आणि संध्येत आचमन तीनदा चुकलं.

शनिवारी मी किल्ली बंद करून उतरलो तेव्हा ते एवढंच म्हणाले, "आवाज खरा आहे, सारथी. मला खोटं म्हणता येणार नाही. पण हा त्या घरचा वाटत नाही. पाहुणा वाटतो." मी म्हटलं, उद्या कबाडी येतोय. म्हणाले, मला ठाऊक आहे.

रविवारी कबाडी आला, आपला तीन चाकी टेंपो घेऊन, दोरी आणि साखळ्यांसकट. मुलगा गाडीचे कागद घेऊन उभा. वकील, समोरच्या घरातले लोक, सगळे बाहेर आले. गल्लीत दुसरं काम काय. मी गाडीत जाऊन बसलो. दार ओढून घेतलं. मनात आलं की ह्या सीटवर बसायचं शेवटचं असेल तर नीट बसून घ्यावं. थंडी अजून यायची होती, पण गुरुजी सकाळी टोपी घालतच; तिच्या भोकांतून कान बाहेर होते. त्यांनी हात वर केला. टेंपो बंद झाला, बायका गप्प झाल्या, वकिलांनी खोकला दाबला. मी किल्लीला हात घातला.

"थांब," गुरुजी म्हणाले. "आज तोडून फिरव."

मला कळलं नाही. ते खिडकीपाशी आले आणि मला समजावून सांगितलं. आम्ही मंत्र शिकतो तेव्हा सगळा एका दमात म्हणत नाही. एकेक पद तोडून म्हणतो. एका दमात म्हटला की चूक कुठल्या पदात आहे ते गुरूलाही कळत नाही, सगळं एकात एक मिसळतं. तू रोज किल्ली एका दमात फिरवतोस. आज एक पद म्हण आणि थांब.

मी जन्मभर किल्ली एका झटक्यात फिरवली आहे. ड्रायव्हरचा हात तसाच असतो. पण त्या दिवशी अर्धीच फिरवली. समोरचे लाल दिवे लागले. इंजिन अजून चालू झालेलं नव्हतं, ते जागेवर मेल्यासारखं पडलेलं. आणि पुढून आवाज आला. खर्र, टक, खर्र.

गुरुजी सरळ उभे राहिले. मुलाकडे वळून म्हणाले, "इंजिन झोपलेलं आहे ना?" मुलगा हो म्हणाला. "मग झोपलेला माणूस बोलतो कसा?"

माझ्या डोक्यात तेव्हाच उजेड पडला. इंजिन बंद आणि किल्ली अर्धी, तेव्हा गाडीत फिरणारी एकच गोष्ट असते. हवेचा पंखा. माझ्या गाडीत त्याचा खटका कित्येक वर्षांपासून चालूवर अडकलेला. आमच्याकडच्या उन्हात तो चालूच लागतो, म्हणून मी कधी दुरुस्त केला नाही. किल्ली फिरली की तो फिरणारच, आणि बसवलेला असतो पुढे, इंजिनाला पाठ लावून. म्हणून आवाज इंजिनाचा वाटायचा. मी पेचकस घेतला आणि डॅशबोर्डखाली पाठीवर आडवा झालो. मिस्त्रीला बोलावू का, मुलाने विचारलं. गुडघे ओरडले, ते ओरडतातच. पंख्याचं खालचं झाकण काढलं आणि माझ्या छातीवर भसकन तांदूळ पडले.

कुंकू लावलेले. काही ताजे लाल, काही जुने, काळे पडलेले, कुठल्या कुठल्या वर्षांचे. आणि त्यांच्यामागून एक अख्खी सुपारी, हळदीने पिवळी, माझ्या गळ्यावर येऊन थांबली. पंखा वेगात आला की ती कडेला दबून बसायची, म्हणून आवाज आपोआप बंद व्हायचा.

मी ओंजळ भरून बाहेर आलो. सगळ्यांनी बघितलं आणि मग सगळ्यांनी गुरुजींकडे बघितलं. खंडेनवमीला मंत्र संपताना अक्षतांची मूठ काचेच्या पायथ्याशी टाकणारा गल्लीत एकच माणूस होता. तिथे हवेसाठी जाळी असते. माझ्या गाडीच्या जाळीचा एक दात मोडलेला. दर वर्षी आशीर्वाद तिथून आत जात होता. त्या वर्षी सुपारीही गेली.

ज्या माणसाने साऱ्या गल्लीला आवाजासाठी थांबवलं, त्याच्याच हातचा हा आवाज. मुलाला त्यांची कीव आली असावी. मनाने चांगला आहे तो. हळूच म्हणाला, "चूहे ले गए होंगे, गुरुजी."

गुरुजींनी माझ्या ओंजळीतली सुपारी उचलली, धोतराला पुसली, उलटसुलट बघितली.

"उंदीर तांदळाला कुंकू लावून खात नाहीत," म्हणाले. "ही माझीच आहे." आणि मग हसायला लागले. इतके हसले की टोपी डोळ्यांवर आली. म्हणाले, आजारी गाडीला मी नारळ देत नाही, आणि आजार मीच देत होतो. मग त्यांनी मला गाडीत बसायला सांगितलं. झाकण लावून मी किल्ली तोडून फिरवली. दिवे लागले, पंख्याचा नुसता वारा. पुढे फिरवली, इंजिन उठलं. गुरुजींनी डोळे मिटून ऐकलं. "निरोगी," म्हणाले. माझ्या मुलाने हातातले कागद घडी करून खिशात घातले. मी गाडी बंद केली नाही. बराच वेळ चालू ठेवून आत बसून राहिलो. पेट्रोल जळतंय असं मुलगा म्हणाला नाही.

कबाडी तेवढा खट्टू झाला. "पंडितजी, मेरा क्या?" म्हणाला. काकूंनी त्याला चहा दिला. चहा झाल्यावर त्याने आपला टेंपो चालू करून दाखवला. गुरुजी म्हणाले, शिंप्याचं मशीन, तेल बघ. तेव्हापासून तो महिन्यातून एकदा टेंपो ऐकवायला यायचा.

दुसरा माणूस असता तर गोष्ट तिथे संपवून गप्प बसला असता. गुरुजींनी ज्या ज्या गाड्यांची पूजा सांगितली होती त्या सगळ्या घरी जायचं ठरवलं. प्रायश्चित्त म्हणाले. दारात सायकल टेकवून मालकाला म्हणत, किल्ली तोडून फिरवा, मला माझे तांदूळ ऐकायचे आहेत. लोकांना वाटे पंडितजींच्या डोक्यावर परिणाम झाला. पंखे उघडायला माणूस हवा, म्हणून मी बरोबर. ते गाडीत बसणार नाहीत, मी सायकलवर बसणार नाही. मग बडा बाजाराच्या गर्दीतून पुढे करकरणारी सायकल आणि मागे पहिल्या गिअरमध्ये माझी गाडी, अशी आमची वरात. मागचे रिक्षावाले मला शिव्या देत. मी हॉर्नसुद्धा वाजवला नाही. काही गाड्यांत दाणे निघाले, पुष्कळ गाड्यांत नाही. मिठाईवाल्याच्या गाडीत काही नव्हतं, तरी त्याने पेढे दिले. ते थंडीचे दिवस माझे फार मजेत गेले.

त्या वर्षापासून आमच्या गल्लीत नियम झाला. अक्षता चाकावर टाकायच्या, काचेकडे टाकायच्या नाहीत. सुपारी मालकाच्या हातात द्यायची.

गुरुजी गेले त्याला आता काही वर्षं झाली. झोपेत गेले, त्रास झाला नाही. पूजा यंदापासून त्यांचा पुतण्या सांगतो. उज्जैनला शिकून आलाय, बायको-मुलांसकट काकूंजवळच राहतो. सायकल तीच वापरतो. त्याने तेल घालायचं काढलं तेव्हा काकूंनी बुधली पुन्हा ओट्याच्या कोपऱ्यात नेऊन ठेवली.

परवाच्या खंडेनवमीला मी गाडी धुऊन दारात उभी केली. मुलाने स्वतः झेंडूचा हार करून आणला होता. कोपऱ्यावर सायकल करकरली, पलीकडे काकूंचा लायटर वाजला. पुतण्या आला, पाटावर बसला, मंत्र चांगले म्हटले, सूर स्वच्छ आहे त्याचा. मग अक्षतांची मूठ घेऊन बोनेटवरून काचेकडे हात नेला. मी पुढे होणार तेवढ्यात मुलाने त्याचं मनगट धरलं.

"तिथे नाही, चाकावर," मुलगा म्हणाला. मराठीत म्हणाला.

पुतण्याने विचारलं, हे कुठल्या शास्त्रात आहे? मी म्हटलं, तुझ्या काकांच्या. त्याने अक्षता चाकावर टाकल्या आणि नारळ उचलला.

मुलाने हात वर केला. पुतण्या नारळ घेऊन तसाच थांबला. समोरच्या घरातला मिक्सर बंद झाला. मी गाडीत बसलो आणि किल्ली तोडून फिरवली. दिवे लागले. नुसता वारा. पुढे फिरवली. मुलगा मान तिरकी करून ऐकत होता, त्याचे कान तसे लहान आहेत.

"निरोगी," तो म्हणाला, आणि हात खाली केला.